थोडंसं, थोडंच आणि मुळीच नाही



दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेचार आमच्या सोप्यात इंग्रजीचा वर्ग भरतो, हे तुमच्यापैकी काहींना माहीत आहेच. वर्ग म्हणजे काय, आम्ही सात-आठ जणी. मी कधीकाळी बी. ए.ला इंग्रजी घेतलं होतं, तेवढ्या भांडवलावर मी मास्तरीण. साडेचारला संपवावाच लागतो, कारण सूर्य मावळायच्या आत सगळ्यांच्या घरी ताटं वाढून व्हायची असतात. कुणाला परदेशातल्या नातवाशी बोलायचंय, कुणाला डॉक्टरांची चिठ्ठी वाचायचीय, आणि पाकिटावरचं बारीक छापील तर सगळ्यांनाच वाचायचंय.

मोठे शब्द कुणालाच अडत नाहीत हो. 'रेफ्रिजरेटर' काय नि 'इन्स्टॉलमेंट' काय, आपण रोजच बोलतो. गाडी अडते ती लहान शब्दांपाशी. गेले तीन गुरुवार आम्ही फक्त 'थोडं' आणि 'नाही' या दोनच गोष्टींवर आहोत, आणि अजून संपलेलं नाही. ज्यांना यायला जमत नाही त्यांनी लिहायला सांगितलं, म्हणून हे.

आधी 'फ्यू' आणि 'अ फ्यू'. शाळेत आपल्याला दोन्हींचा अर्थ 'थोडे' असा सांगून बाईंनी पान उलटलं होतं. पण मराठीत आपण स्वयंपाकघरात रोज हा फरक करतो, तेवढा लक्षात घेतला की पुरे. डब्यात पाच बेसनलाडू आहेत असं समजा. पाहुणा एकच आलाय, तर मी सुनेला म्हणेन, 'लाडू थोडेसे आहेत बघ, वाढ.' आणि पाहुणे बारा आलेत, तर म्हणेन, 'लाडू थोडेच आहेत गं.' डबा तोच, लाडू तेच पाच. 'से' लावला की आहेत याकडे बोट, 'च' लावला की नाहीत याकडे बोट. इंग्रजीला असे शेपटीचे प्रत्यय नाहीत. ते काम तिथे सुरुवातीचा 'अ' करतो. 'अ फ्यू' म्हणजे थोडेसे, आहेत. 'फ्यू' म्हणजे थोडेच, जवळजवळ नाहीतच. मोजता येण्याजोग्या गोष्टीला 'फ्यू', न मोजता येण्याजोगीला 'लिटल'. लाडवांना फ्यू, दुधाला लिटल. 'अ लिटल मिल्क' असेल तर चहा होतो. 'लिटल मिल्क' असेल तर गवळ्याची वाट बघायची.

हे एवढंसं व्याकरण माझ्या घरात काय करून गेलं ते सांगते. मागच्या पावसाळ्यात सासूबाईंना न्यूमोनिया झाला. वय ८१. इथल्याच एका दवाखान्यात ठेवलं होतं. तिथले तरुण डॉक्टर रोज सकाळी घरच्यांच्या ग्रुपवर दोन ओळी इंग्रजीत लिहायचे. आमच्या वन्सं अमेरिकेत असतात, त्यांच्यासाठी ही सोय. चौथ्या दिवशी निरोप आला, त्यात तीन शब्द होते: 'देअर इज लिटल', आणि पुढे 'इम्प्रूव्हमेंट'. अर्ध्या तासात वन्संचा फोन. रडत होत्या. तिकीट बघतेय म्हणाल्या. त्यांना तिथे राहून पंचवीस वर्षं झाली आहेत, त्यांच्या कानाला 'लिटल इम्प्रूव्हमेंट' म्हणजे 'सुधारणा अशी काही नाहीच.' त्यांनी वाचलं ते इंग्रजी म्हणून बरोबरच होतं.

हे बोलणं खाटेवर आईंच्या कानावर गेलं. आई शांतच होत्या. मला म्हणाल्या, 'उपयोग होणार नसेल तर या नळ्या काढायला सांग. घरी न्या मला. महाराजांना विचारा, मी एकेक सोडत जाईन.' त्यांच्या मनात काय आहे हे तुम्हाला फोड करून सांगायला नको. पण आपल्याकडे याला अट आहे, आणि ती आईंना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात सल्लेखनेची जी कारणं सांगितली आहेत, दुष्काळ, म्हातारपण, रोग वगैरे, त्या सगळ्यांना एक विशेषण आहे: निष्प्रतिकार. म्हणजे ज्याला उपायच उरला नाही असं. थोडा उपाय असेल तर? उपाय थोडाच असेल तर? प्रश्न नेमका तिथे येऊन थांबला होता, आणि उत्तर एका 'अ'वर अडलं होतं.

मी डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, 'लिटल लिहिलंत, त्यात सुधारणा आहे म्हणायचंय की नाही म्हणायचंय?' ते बिचारे गोंधळले. म्हणाले, 'काकू, कालपेक्षा ऑक्सिजन कमी लागतोय. खूप नाही, पण सुधारणा आहे.' मुलगा मराठी माध्यमातला. मनात 'थोडी सुधारणा' असा विचार करून त्यानं थोडीला लिटल लिहिलं. मराठीत नामाआधी 'अ' बसवायची सवयच नाही, तो गळला. म्हटलं, 'मग 'अ' घालून परत पाठवा, अमेरिकेत रात्र आहे आणि बाई झोपलेली नाही.' त्यांनी लगेच पाठवला.

आईंना जाऊन सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, 'म्हणजे उपाय आहे?' म्हटलं, 'आहे.' 'मग दूध दे,' म्हणाल्या. नवव्या दिवशी घरी आल्या.

असो. पुढे जाऊ.

'फ्यू'च्या घरात आणखी एक फसवी मंडळी आहेत. 'ओन्ली अ फ्यू' म्हटलं की 'अ' असूनही अर्थ परत 'थोडेच' होतो, कारण 'ओन्ली' आपल्या 'च'चं काम करतो. आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे चक्क 'बरेच'. इंग्रज माणूस 'क्वाइट अ फ्यू पीपल' म्हणाला तर पाच-सहा जणांचा स्वयंपाक करू नका. आपणही 'थोडेथोडके नव्हेत' म्हणतोच की.

आता 'नाही'कडे. इथे आपल्या बायकांचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो 'येस' आणि 'नो'चा, आणि त्यात आपली चूक मुळीच नाही, आपली भाषाच तशी आहे. कुणी विचारलं, 'तुम्ही रात्री जेवत नाही का?' तर आपण म्हणतो, 'हो, नाही जेवत.' आपला 'हो' समोरच्याच्या बोलण्याला असतो: तू म्हणतोस ते खरं. इंग्रजीत 'येस' हा माणसाच्या बोलण्याला नसतो, क्रियेला असतो. खाते तर येस, खात नाही तर नो. प्रश्न कसाही विचारलेला असो.

माझ्या जाऊबाई सिंगापूरला निघाल्या होत्या. विमानातल्या मुलीनं अदबीनं विचारलं, 'यू डोन्ट ईट एग्ज, मॅम?' जाऊबाईंनी मान हलवून ठामपणे सांगितलं, 'येस.' समोर ऑम्लेट आलं! मुलीच्या कानाला 'येस, आय डू' ऐकू आलं होतं. जाऊबाईंनी ते परत दिलं आणि पिशवीतली दशमी-चटणी काढली. तेव्हा नियम एवढाच धरा: खात नसाल तर वाक्यात 'नो' आलाच पाहिजे. 'नो, आय डोन्ट.' 'नो'च्या आधी 'येस' म्हणायची जिभेला सवय असते ती मोडायला आम्हाला दोन गुरुवार लागले. समोरच्या अक्का अजूनही 'येस, नो' म्हणतात. (विमानाचं तिकीट काढताना जैन जेवण आधी नोंदवता येतं, त्याचा संकेत इंग्रजी अक्षरांत व्हीजेएमएल असा असतो. नुसतं शाकाहारी नोंदवलं तर कांदा-बटाटा येऊ शकतो. ही नोंद आदल्या दिवसापर्यंत तरी करून ठेवा.)

दुसरा घोटाळा 'आणि'चा. आपण म्हणतो, 'कांदा आणि लसूण नको.' ऐकणाऱ्याला दोन्ही नको हे कळतं. इंग्रजीत 'आय डोन्ट ईट अनियन अँड गार्लिक' म्हटलंत तर आपल्याकडचा वेटर समजून घेईल, पण परदेशातला एखादा काटेकोर माणूस विचारू शकतो, 'म्हणजे दोन्ही एकत्र नको? मग एकटा कांदा चालेल?' नकारानंतर इंग्रजीला 'अँड' नाही, 'ऑर' लागतो. 'आय डोन्ट ईट अनियन ऑर गार्लिक.' ऐकायला उलटं वाटतं, 'कांदा किंवा लसूण खात नाही', जणू कुठला तरी एक चालतो. पण तिथे 'ऑर' म्हणजे हाही नाही आणि तोही नाही. आपल्या 'ही'चं काम. यादी मोठी असेल, बटाटा, रताळं, बीट, गाजर, मुळा, तर शेवटच्या नावाआधी 'ऑर' घाला. आणि 'रूट व्हेजिटेबल्स' म्हटलं की सगळे समजतात असंही नाही. कांदा आणि लसूण हे त्यांच्या मनात भाजीत नसतातच, मसाल्यात असतात. नावं घ्या.

तिसरी गोष्ट 'ऑल' आणि 'नॉट'ची. आमच्या गावात एका बेकरीत इंग्रजी पाटी आहे: 'ऑल केक्स आर नॉट एगलेस.' मालकाला म्हणायचंय, सगळे केक बिनअंड्याचे नाहीत, म्हणजे काही आहेत, विचारून घ्या. पण त्या इंग्रजी वाक्यातून 'एकही केक बिनअंड्याचा नाही' असाही अर्थ निघतो. 'नॉट' उचलून पुढे नेला, 'नॉट ऑल केक्स', की प्रश्न मिटला: सगळे नाहीत, काही आहेत. आणि एकही नाही म्हणायचं तर 'नन'. मराठीतही 'सगळे आले नाहीत' म्हटल्यावर कोणी आलंच नाही की काही जण आले, हे बोलण्याच्या सुरावरूनच कळतं. पाटीला सूर नसतो.

आता मुख्य म्हणजे पाकिटं. इथे इंग्रजीतला 'नाही' हा आपल्या 'नाही'पेक्षा वेगळा असतो, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण त्याग केला म्हणजे केला. शून्य. पण कायद्याच्या इंग्रजीत 'फ्री' म्हणजे शून्य नव्हे, 'नॉट मोर दॅन' अमुक एक. आपल्या देशात खाद्यपदार्थांवरच्या दाव्यांचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत 'शुगर फ्री' म्हणजे १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. 'फॅट फ्री'चंही तेच माप. अमेरिकेत तर एका वाढणीत ट्रान्स फॅट अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर पाकिटावर सरळ शून्य लिहिता येतं. दोन-तीन वाढण्या खाल्ल्या तर शून्यात शून्य मिळवून काहीतरी व्हायला लागतं! आणि 'नो ॲडेड शुगर' ही तिसरीच गोष्ट. त्यात साखर नाही असं कुणीच म्हटलेलं नाही. वरून घातलेली नाही, एवढंच. फळाची, दुधाची आहेच. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर 'फ्री', 'लो' आणि 'नो ॲडेड' या तिघांना एकाच डब्यात भरू नका.

साखरेचं ठीक आहे, ती वैद्याची बाब. मद्याचं काय? आपल्याकडे ज्या पेयात अल्कोहोल ०.५ टक्क्यापेक्षा जास्त असतो ते कायद्यानं मद्यपेय. म्हणजे 'नॉन-अल्कोहोलिक' लिहिलेल्या बाटलीत अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकतं. अमेरिकेत 'नॉन-अल्कोहोलिक' आणि 'अल्कोहोल फ्री' यांत फरक करतात: पहिल्यात अर्ध्या टक्क्याहून कमी चालतो, दुसरं लिहायचं तर तपासणीत काहीच सापडता कामा नये. लग्नाच्या हॉटेलात भाच्यानं 'मामी, हे नॉन आहे, घे' म्हणून ग्लास पुढे केला तर 'नॉन' की 'फ्री' हे विचारण्यात काही जुनाटपणा नाही. मी तर दोन्हींना नको म्हणते, लिंबू सरबत मागते.

आणि हिरवी खूण. तिच्यावर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो. पण 'नॉन-व्हेज' कशाला म्हणायचं याची कायद्यात जी व्याख्या आहे, तिच्यात प्राण्यापासूनच्या पदार्थांची यादी सांगून झाल्यावर एक 'बट एक्सक्लूडिंग' येतो, म्हणजे 'हे मात्र वगळून'. त्या वगळलेल्यांत दूध आहे, आणि मधही आहे, मेण आणि लाखही आहे. म्हणजे मध घातलेल्या बिस्किटावर हिरवीच खूण असणार, आणि ती कायद्यानं अगदी बरोबर. पण आपल्या अष्टमूलगुणांत मद्य, मांस आणि मधु हे तिन्ही एका ओळीत बसलेत. शिवाय कंद हिरव्या खुणेच्या आतच येतात. तेव्हा खूण बघून थांबू नका, मागची यादी वाचा. 'हनी' हा चार-पाच अक्षरांचा शब्द सगळ्यात शेवटी, सगळ्यात बारीक छापलेला असतो.

एका गुरुवारी यावरून वादही झाला. एका मैत्रिणीच्या मुलानं परदेशातून चॉकलेट आणलं होतं, त्यावर 'मे कंटेन ट्रेसेस ऑफ एग' असं होतं. घ्यावं की नाही? आमचे हे आतून पेपर वाचत होते, तिथूनच म्हणाले, 'स्यात् अस्ति, स्यात् नास्ति! हा तुमचा स्याद्वादच झाला की.' सगळ्या हसल्या. पण मला ते पटलं नाही, आणि मी तिथंच सांगितलं. 'मे' म्हणजे कदाचित. लिहिणाऱ्यालाच खात्री नाही, असेल नसेल. स्यात् म्हणजे कदाचित नव्हे. स्यात् म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेनं, आणि त्या अपेक्षेनं अगदी निश्चित. मग त्याच चॉकलेटला आम्ही अपेक्षा लावून पाहिल्या. घटक म्हणून अंडं आहे का? यादीत नाही, म्हणजे नाही. त्याच यंत्रावर दुसरं काही बनतं, त्याचा कण लागला असेल का? तो नाही असं कंपनी सांगू शकत नाही. एवढं स्पष्ट झाल्यावर निर्णय ज्याचा त्यानं आपापल्या नियमाप्रमाणे करायचा. त्या मैत्रिणीनं घेतलं नाही. शेजारच्या मुलाला दिलं, तो खूश.

शेवटचा प्रश्न गेल्या गुरुवारचा आहे आणि तो अक्कांचा. अमेरिकेतल्या नातीनं त्यांना विचारलं होतं की अवमौदर्य म्हणजे काय, इंग्रजीत सांग. सहा बाह्य तपांतलं पहिलं अनशन, ते सोपं, 'नो फूड'. दुसरं अवमौदर्य, त्याला काय म्हणायचं? एकीनं सुचवलं, 'ईट लिटल.' ते नको म्हटलं, त्याचा अर्थ जेमतेमच खा असा होतो, नात घाबरेल. दुसरी म्हणाली, 'ईट अ लिटल.' तेही नाही, ते 'थोडंसं तरी खा', रुसलेल्या पोराला म्हणतो तसं. शास्त्रात तर माप दिलेलं आहे: पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास, स्त्रीचा २८, आणि त्यातला एक घास जरी कमी घेतला तरी अवमौदर्य होतं. मी फळ्यावर लिहिलं, 'अ लिटल लेस दॅन फुल.' भुकेपेक्षा थोडंसं कमी. इथे 'अ लिटल' जेवणाला नाही, 'कमी'ला लागलाय, हे सांगण्यात माझी दहा मिनिटं गेली.

अक्कांनी वहीत लिहून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'माझे आजकाल चार-पाच घास कमीच होतात. ते काय मग, अ फ्यू?' म्हटलं, 'हो, अ फ्यू.' 'क्वाइट अ फ्यू नव्हे ना?' म्हटलं, 'नाही.' तर म्हणाल्या, 'येस, नो,' आणि घड्याळाकडे बघून उठल्या. साडेचार वाजले होते.